चौदा दिवसांचा आसरा

लंडनला ऑनसाईट असताना एका रविवारी ब्रिक लेनला गेलो होतो. डोक्यात इतिहासबितिहास काही नव्हता, तिखट काहीतरी खायचं होतं, इतकंच. फोर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांची एक जुनी मशीद आहे. तिच्या भिंतीवर उंच एक सूर्यघड्याळ दिसलं आणि त्यावर साल होतं १७४३. म्हटलं, हे काय? इथले बांगलादेशी तर विसाव्या शतकात आले!

घरी येऊन शोधाशोध केली. फ्रान्समधल्या धर्मछळाला कंटाळून पळून आलेल्या ह्यूगेनॉट प्रॉटेस्टंटांनी ही इमारत चर्च म्हणून बांधली होती. (इंग्रजीत 'रेफ्युजी' हा शब्द रुळला तो ह्याच लोकांमुळे.) पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये तिथे ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६ मध्ये मशीद. एकच इमारत, आणि तिथे पाळीपाळीने येणारे परके.

ही गोष्ट लोक फार कौतुकाने सांगतात. मला मात्र आपली लोकल आठवली. डब्यात शिरेपर्यंत आपण "आत सरका हो, बरीच जागा आहे" म्हणून ओरडत असतो. एकदा शिरलो की पुढच्या स्टेशनवर आपणच दारात उभं राहून सांगतो, "मागची गाडी रिकामी आहे." मग लंडनच्या ज्यूंचं काय झालं? स्वतः छळ सोसलेला समाज नंतर येणाऱ्यासाठी आपोआप दार उघडतो का?

थोडक्यात उत्तर: आपोआप नाही. प्रत्येक वेळी घरातच भांडण झालं.

मार्च १८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाला आणि त्याचं खापर ज्यूंवर फुटलं. दंगली झाल्या, मागोमाग जाचक कायदे आले. १९१४ पर्यंत सव्वा ते दीड लाखांच्या आसपास ज्यू ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. बहुतेक जण लंडनच्या ईस्ट एंडमध्ये राहिले आणि कपडे शिवायच्या कोंदट कारखान्यांत राबले.

लंडनमध्ये आधीपासूनचे ज्यू होतेच. बँकर, व्यापारी, खासदार. पिढ्यान्‌पिढ्या खपून त्यांनी समाजात मान मिळवला होता. आता हे यिडिश बोलणारे, दाढीवाले, फाटके लोक बोटीतून उतरताना बघून त्यांच्या पोटात गोळा आला. ह्यांच्यामुळे आपल्यालाही शिव्या बसतील! त्यांची धर्मादाय संस्था होती बोर्ड ऑफ गार्डियन्स. तिने गरिबांना पुष्कळ मदत केली, पण तिकडच्या वर्तमानपत्रांत "इकडे येऊ नका" अशा सूचनाही छापून आणल्या. आलेल्यांपैकी सुमारे ५० हजार लोकांना तिने १८८० ते १९१४ ह्या काळात परतही पाठवलं.

त्याच सुमारास सायमन कोहेन नावाचा एक बेकरीवाला आपल्या जागेत नव्याने आलेल्यांना झोपायला जागा आणि खायला देत असे. बोर्डाची माणसं तपासणीला आली. जागा अस्वच्छ आहे आणि फुकट आसऱ्याने लोक ऐतखाऊ होतात, असं म्हणून १८८५ मध्ये तो आसरा बंद करवला. ईस्ट एंड खवळला. मग हर्मन लँडाऊ (हा स्वतः पोलंडहून आलेला) आणि इतर काही जणांनी पुढाकार घेऊन 'पुअर ज्यूज टेम्पररी शेल्टर' काढलं. नियम कडक होता, जास्तीत जास्त चौदा दिवस राहायचं. म्हणजे विरोधकांनाही चालेल असा तोडगा. पण गोदीवर उतरणाऱ्या माणसाला भामट्यांच्या हाती लागण्याआधी एक पत्ता मिळाला.

१९०१ मध्ये 'ब्रिटिश ब्रदर्स लीग' निघाली. इंग्लंड इंग्रजांचं, बाहेरचे नकोत. ओळखीचं वाटतं ना? :) १९०५ मध्ये एलियन्स ॲक्ट आला. ज्यू खासदारांतही एकमत नव्हतं. लाइमहाऊसचे हॅरी सॅम्युएल स्वतः ज्यू, पण उभे होते निर्बंधांच्या बाजूने. गंमत म्हणजे धार्मिक किंवा राजकीय छळातून पळून आलेल्याला निव्वळ गरिबीच्या कारणावरून परत पाठवू नये, अशी तरतूदही ह्याच कायद्यात आली. दार लावून घेणाऱ्या कायद्यातच आश्रयाच्या हक्काची फट राहिली.

आता १९३६. ऑस्वल्ड मोस्लीने जाहीर केलं की ४ ऑक्टोबरला त्याचे काळे शर्टवाले ईस्ट एंडमधून मोर्चा काढणार. बोर्ड ऑफ डेप्युटीज ही ज्यूंची अधिकृत प्रातिनिधिक संस्था. तिचा सल्ला होता, घरात बसा, दंगा झाला तर बदनामी आपलीच. दुसऱ्या बाजूला 'ज्यूइश पीपल्स कौन्सिल' होतं. त्याने मोर्चावर बंदीसाठी दोन दिवसांत जवळजवळ एक लाख सह्या गोळा केल्या. सरकारने ऐकलं नाही. मग लोकच रस्त्यावर उतरले. ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट, सगळे. केबल स्ट्रीटवर अडथळे रचले, सहा-सात हजार पोलिसांशी झटापट झाली आणि शेवटी पोलिसांनी मोस्लीला परत फिरवलं.

इथेच सिनेमा संपला असता तर बरं झालं असतं. पण आठवड्याभरात मोस्लीच्या पोरांनी माइल एंड रोडवरच्या ज्यू दुकानांच्या काचा फोडल्या. म्हणजे "घरात बसा" म्हणणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. ते भित्रे होते असं आज इथे बसून म्हणणं फार सोपं आहे.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत सिनेगॉगं जळाली. ज्यू आणि क्वेकर संस्थांनी चेंबरलेन सरकारला गाठलं. २ डिसेंबरला सुमारे २०० मुलं हार्विच बंदरात उतरली आणि युद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ दहा हजार मुलं आली. सरकारची अट होती की खर्च सरकारवर पडता कामा नये. पुढे तर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी द्यावी लागली. (हमीचा हा प्रकार आपल्या मुंबईतही होता. १९३४ मध्ये निघालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने युरोपातून आलेल्या ज्यूंची अशीच जबाबदारी घेतली.) मुलांना परवानगी मिळाली, आईबापांना नाही. आणि डॉक्टर? ब्रिटिश डॉक्टरांच्या विरोधामुळे ऑस्ट्रियातून फक्त ५० जणांना घ्यायचं ठरलं.

हे डॉक्टरांचं लक्षात ठेवा. १९७६ मध्ये, म्हणजे ब्रिक लेनचं सिनेगॉग मशीद झालं त्याच वर्षी, शिकागोहून आलेल्या ईडी फ्रीडमन ह्यांनी 'ज्यूइश कौन्सिल फॉर रेशियल इक्वालिटी' सुरू केली. तेव्हा रस्त्यावर नॅशनल फ्रंटचा जोर होता आणि मार खाणारे आता कृष्णवर्णीय आणि आपल्याकडचे लोक होते. संस्थेचं म्हणणं असं की वंशवाद आपल्या अंगणात नसला तरी तो आपलाच प्रश्न आहे. शाळांतून वंशवादाविरुद्ध शिक्षण, कृष्णवर्णीय, आशियाई आणि ज्यू मंडळींचा संवाद, आणि पुढे निर्वासित डॉक्टरांना ब्रिटनमध्ये पुन्हा डॉक्टरकी करता यावी म्हणून मदत. १९३८ चा हिशोब असा वेगळ्याच माणसांच्या नावे चुकता होत होता.

२००६ पासून फिंचलीच्या न्यू नॉर्थ लंडन सिनेगॉगमध्ये आश्रय मागणाऱ्यांसाठी महिन्यातून एक रविवार दार उघडं ठेवायला सुरुवात झाली. जेवण, कपडे, लंगोट, डॉक्टर, वकील. ब्रिटनमध्ये २००२ पासून अर्जाचा निकाल लागेपर्यंत ह्या लोकांना सहसा नोकरी करता येत नाही, त्यामुळे लंगोटसुद्धा मोठी गोष्ट असते.

२०१६ मध्ये लॉर्ड आल्फ डब्स ह्यांनी युरोपात एकट्या अडकलेल्या निर्वासित मुलांना आणण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करून घेतली. हे स्वतः १९३९ मध्ये सहा वर्षांचे असताना प्रागहून अशाच एका गाडीने आले होते. मागणी ३,००० मुलांची होती. सरकारने आकडा ४८० वर थांबवला.

आणि किंमत? फ्रीडमन ह्यांची संस्था पुढे ज्या 'हायास' ह्या अमेरिकन संस्थेशी जोडली गेली, ती फार पूर्वीपासून निर्वासितांसाठी काम करते. आधी ज्यूंसाठी, आता कोणासाठीही. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शिरून एकाने ११ जणांना मारलं. आधी त्याने नेटवर हायासच्या नावाने गरळ ओकली होती. १९३६ सालच्या सावध मंडळींना ज्याची भीती वाटत होती, ते हेच. हायासचं काम मात्र थांबलं नाही.

मला वाटायचं की दुःख भोगलं की माणूस शहाणा होतो. हा इतिहास वाचून तसं वाटत नाही. दुःखातून भीतीही शिकता येते आणि दार उघडणंही, आणि दोन्ही शिकलेली माणसं एकाच समाजात, कधीकधी एकाच घरात असतात. त्या वेळी भांडायला कोणी उभं राहतं की नाही, ह्यावर सगळं ठरतं. तो बेकरीवाला उभा राहिला, म्हणून निदान चौदा दिवस मिळाले.

असो. सोमवारी लोकलमध्ये दारात उभा असेन तेव्हा जरा आत सरकायचा विचार आहे. बघू कितपत जमतं ते. :)