पित्त, आमसूल आणि गोळी

अंगावर गांधी उठल्या की आमची हिंजवडीची आजी आमसुलाचे पाणी चोळी. पित्त उसळले, हे तिचे निदान. खरा उपद्व्यापी हिस्टामिन. पित्त बिचारे निरपराध! हिस्टामिनला अडविणारे पहिले द्रव्य १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे यांना गवसले. १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या जुन्या औषधांची गुंगी मेंदूपर्यंत पोचते. तसली गोळी घेऊन मी एकदा वर्गातच पेंगलो, पोरे खुदखुदली. सेटिरिझिनने पेंग कमी येते, फेक्सोफेनाडिनने त्याहून कमी.

मुलगा चाकणला रात्रपाळीस मोटारसायकलने जातो. परवा त्याच्या अंगावर गांधी उठल्या. त्याच्या हातातली माझी जुनी गोळी मी काढून घेतली नि त्याला डॉक्टरांकडे पिटाळले. त्यांनी फेक्सोफेनाडिन लिहून दिले. आमसूल मी भिजत घातलेच होते.