शिक्का, कागद आणि बाईचं नाव



१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून अमरावती-मुंबई विमान सुरू झालं आणि आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक नवाच विषय आला. तिकिटाच्या भावावर हसून झालं, मग एका मावशीने विचारलं, "विमानात बसाले कोनते कागद लागतेत व बाई? माह्या आधारवर माहेरचं नाव हाये, बँकेत सासरचं. मले बसू देतीन का?"

आधी सरळ उत्तर देते. देशातल्या देशात विमानाने जायला फोटो असलेलं एक ओळखपत्र लागतं. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने २०१७ साली त्याची यादी जाहीर केली. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना हे तर त्यात आहेतच, शिवाय साक्षांकित फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुकही आहे. (गटाचं पासबुक नव्हे बरं, स्वतःच्या खात्याचं.) आईबापांसोबत जाणाऱ्या लहान लेकराला वेगळं ओळखपत्र लागत नाही. तिकिटावर जे नाव, तेच ओळखपत्रावर हवं. म्हणजे मावशींनी तिकीट आधारवरच्या नावाने काढलं आणि आधारच दाखवलं, तर अडचण नाही. एका नावाने तिकीट आणि दुसऱ्या नावाचा कागद, असं झालं की दारातच थांबवतात.

पण बाईच्या कागदावर दोन नावं का असतात, आणि तिला कुठे जायचं असलं की कोणाकोणाची परवानगी लागत आली, याचा इतिहास मोठा आहे. आज तोच सांगायचा आहे.

आपण राहतो रुक्मिणीच्या माहेरी. ती ज्या द्वारकेत नांदायला गेली, तिथली एक गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. शाल्व राजाने द्वारकेवर चाल केली तेव्हा नगरात हुकूम निघाला की मुद्रेशिवाय कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. मुद्रा म्हणजे शिक्का. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर या कामासाठी वेगळा अधिकारीच आहे, मुद्राध्यक्ष. तो एक माषक घेऊन शिक्का द्यायचा. आपल्याच देशातला माणूस शिक्क्याविना सापडला तर १२ पण दंड.

आता त्याच ग्रंथात जरा पुढे, नवरा-बायकोच्या कायद्याच्या भागात या. बायको सासरच्या घरातून निघून गेली तर ६ पण दंड, आणि दुसऱ्या गावाला गेली तर १२ पण, वर दागिने जप्त. छळ होत असेल तर सूट वगैरे आहे, पण आकडा बघा. राजाच्या शिक्क्याविना फिरलं तरी १२ आणि घरच्या परवानगीविना बाई परगावी गेली तरी १२. पुरुषाला एक परवानगी लागायची, बाईला दोन. पुढच्या काळात झालं ते इतकंच की घरची परवानगी सरकारी कागदावर येऊन बसली, आणि तिथून ती खोडायला शंभर वर्षं लागली.

आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. कल्याणची ही मुलगी ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून जहाजात बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. वय १८, नवरा सोबत नाही. तिच्याकडे पासपोर्ट होता का? लागतच नव्हता. तेव्हा भारतातून परदेशी जाणाऱ्याला पासपोर्टची सक्ती नव्हती. भाडं असलं की जहाजात बसायचं. सरकारने तिला काही विचारलं नाही, विचारलं ते समाजाने. एकटी कशी जाते, तिथे काय खाईल, बाटेल का, परत आल्यावर जातीत घ्यायचं का! या सगळ्याला उत्तर देण्यासाठी तिला श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून जाहीर भाषण करावं लागलं होतं. (हे बंगालमधलं श्रीरामपूर.) शिकायला जाणाऱ्या कुठल्या मुलाला असं सभेत उभं राहून कारण सांगावं लागलं असतं? १८८६ साली ती अमेरिकेतून डॉक्टर झाली. रखमाबाईही १८८९ मध्ये डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या, त्याही याच काळात.

सरकारी कागदाने बाईला अडवल्याची मोठी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे, आणि ती जिची आहे ती बाई नंतर आपल्या शेजारी, नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहून गेली. कस्तुरबा.

झालं असं, की तिथे राहणाऱ्या हिंदी माणसाला बायको आणायची असली तर 'बायको' म्हणून तिला प्रवेश मिळायचा. मार्च १९१३ मध्ये केपच्या कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेलं आणि नोंद नसलेलं लग्न कायद्याने लग्नच नव्हे. एका निकालाने हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका कागदावर बायका राहिल्या नाहीत. मंगळसूत्र गळ्यात, लेकरं कडेवर, पण कायदा म्हणतो तू याची कोणी नाहीस. बंदरातून परत पाठवलं तर बोलायला जागा नाही.

तेव्हा बायकाच पुढे आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये १६ जणांची एक तुकडी परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली. तिच्यात ४ बायका, एक कस्तुरबा. मला यातली एक गोष्ट फार आवडते. पोलिसांनी विचारलं तरी नावं सांगायची नाहीत, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. गांधीजींच्या घरची माणसं आहेत हे कळलं असतं तर कदाचित पकडलंच नसतं. ज्या सरकारला बाईचं नाव फक्त नवऱ्याच्या नावापुढे समजत होतं, त्याला नावच सांगायचं नाही! फोल्क्सरस्टला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी मिळाली. मग आणखी बायका निघाल्या, खाणीतले मजूर संपावर गेले, आणि १९१४ साली कायदा करून आपली लग्नं मान्य करावी लागली. सत्याग्रहाच्या पुस्तकांत हे एका परिच्छेदात येतं. मला वाटतं, बायकांच्या इतिहासात त्याला याहून मोठी जागा हवी.

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध लागलं. हेरांच्या भीतीने देशोदेशी पासपोर्ट सक्तीचा झाला. आपल्याकडे युद्धकाळात नियम आले आणि १९२० साली कायदा झाला. युद्ध संपलं, पासपोर्ट राहिला.

जुना पासपोर्ट कोणाच्या ट्रंकेत सापडला तर उघडून बघा. एका बाजूला धारकाचा फोटो, त्याच्या बाजूला दुसरा चौकोन, त्यावर लिहिलेलं 'पत्नी'. खाली मुलांची नावं. बायको ही नवऱ्याच्या पुस्तकातली एक नोंद. तो सोबत असेल तर ती जाणार, त्याच्याशिवाय त्या पुस्तकावर ती कुठेच जाऊ शकत नाही. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, स्वतंत्र देश आकाशात उडाला, पण पासपोर्टवरचा तो पत्नीचा चौकोन तसाच होता.

बरं, तेव्हा पासपोर्ट मिळणं हा कोणाचाच हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधींना पत्र आलं की पासपोर्ट सात दिवसांत जमा करा. कारण विचारलं तर, जनहितासाठी कारण सांगता येत नाही. त्या कोर्टात गेल्या. २५ जानेवारी १९७८ चा तो निकाल आजही वकील रोज वापरतात. नुसता कायदा आहे म्हणून भागत नाही, त्याची रीतही न्याय्य आणि वाजवी हवी, असं कोर्ट म्हणालं. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, रेशनकार्डातून नाव का कापलं हे तहसीलमध्ये विचारताना आपण त्याच निकालाच्या आधाराने उभ्या असतो.

पुढचं सांगताना जीभ अडते, पण सांगायला हवं. जानेवारी १९७९. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिचं लग्न तिथल्या एका हिंदी माणसाशी ठरलं होतं. नियम असा होता, की येऊन तीन महिन्यांत लग्न करणार असेल तिला आधी परवाना नको, पण आधीच बायको असेल तिला परवाना हवा आणि त्याला महिनोन्‌महिने लागत. अधिकाऱ्यांना शंका आली की ही खोटं बोलते, लग्न झालेलं असावं. म्हणून विमानतळावर पुरुष डॉक्टरकडून तिची कौमार्य तपासणी करवली. १ फेब्रुवारीला 'गार्डियन'ने बातमी छापली, भारत सरकारने निषेध केला, आणि ब्रिटनला ती पद्धत थांबवावी लागली. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे खूप उशिरा त्यांच्याच सरकारी कागदांतून उघड झालं. तिच्याजवळ कागद होते. पण कागदापेक्षा बाईच्या शरीराला विचारणं त्यांना जास्त खात्रीचं वाटलं.

आपल्याकडच्या एका नियमावर मात्र माझं मन अजून दोन्हीकडे जातं. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली दहावी न झालेल्यांना आखातासारख्या १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते. घरकामाला जाणारी बाई ३० वर्षांखालची असेल तर ती मिळतच नाही. फसवणूक आणि छळ होतो म्हणून ही अट. छळ होतो हे खरंच आहे. पण पोटासाठी जायचंच आहे ती २६ वर्षांची बाई मग एजंटाच्या चोरवाटेने जाते, आणि तिथे तिला वाली उरत नाही. नागपूरहून हजला जाणाऱ्या आपल्या मुसलमान मैत्रिणींचीही बरीच वर्षं अशीच अडचण होती, सोबत मेहरम, म्हणजे नवरा किंवा जवळच्या नात्यातला पुरुष, हवाच. २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या चार जणींना गट करून मेहरमशिवाय जाता येऊ लागलं. गटाचा उपयोग कुठे कुठे होतो बघा.

डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले, त्यांचा गाजावाजा फार झाला नाही. आता अर्जात आई किंवा बाप, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. लग्नाचा दाखला लागत नाही. घटस्फोट झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव लिहिण्याची सक्ती नाही. म्हणजे टाकून दिलेली बाई आपल्या लेकराचा पासपोर्ट स्वतःच्या एकटीच्या नावावर काढू शकते. त्याच्या सहीसाठी त्याच्या दारात जायला नको. आपल्या गटांत अशा किती जणी आहेत हे मी सांगायला नको. २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतही पासपोर्टची केंद्रं सुरू झाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये चिप असलेला ई-पासपोर्ट देशात पहिल्यांदा जिथे दिला जाऊ लागला, त्यात आपलं नागपूर आहे. त्या चिपमध्ये एकाच माणसाची माहिती असते. दुसऱ्या फोटोला तिथे चौकोनच नाही.

सगळ्यात नवा नियम २०२५ चा, आणि तो आज ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे त्यांच्यासाठी. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालणार. शाळेचा दाखला, आधार, दुसरं काही नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंद तिथूनच होते, घरी झालं तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा, पैसे पडत नाहीत. वर्ष उलटलं तर वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. बारसं व्हायचं असेल तरी थांबू नका, नाव नंतर घालता येतं, वर्षभर फुकट आणि पुढे १५ वर्षांपर्यंत थोडी फी भरून. आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून आईच्या रकान्यातलं आपलं नाव वाचा. माहेरचं असो की सासरचं, आपल्या आधारवर आहे तेच आणि त्याच स्पेलिंगने हवं. चुकलं असेल तर त्याच दिवशी सांगा.