चलथाण परिसरातील बहुभाषिक विद्यार्थी आणि इंग्रजीतील नित्य क्रियापदे : एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातले चलथाण हे गाव उधना-जळगाव लोहमार्गावरील एक स्थानक आहे आणि सहकारी साखर कारखान्यामुळे ते दूरवर ओळखले जाते. दक्षिण गुजरातच्या या ऊसपट्ट्यात दरवर्षी गळीत हंगामात खानदेश आणि डांगमधून ऊसतोड मजूर येतात. या स्थलांतराचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केला होता. हंगामी मजुरांखेरीज सुरतेच्या आसपास कायमची स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू अशी माध्यमे ठेवावी लागली, यावरून या भागाची भाषिक घडण लक्षात येते.

अशा भागातील तरुण अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी कम्युनिटी कॉलेजात येतो, तेव्हा त्याची खरी अडचण मोठ्या शब्दांची नसते. ‘ॲप्लिकेशन’, ‘सर्टिफिकेट’, ‘सुपरवायझर’ हे शब्द त्याला ठाऊक असतात. तो अडतो तो ‘हॅव’, ‘टेक’, ‘कम’, ‘गो’ यांपाशी. मुलाखतीत या चुका झाल्या की त्याला अडाणी ठरवले जाते. या चुकांचे मूळ कोठे आहे, आणि आपल्या अध्यापनाच्या इतिहासात त्याकडे का दुर्लक्ष झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुरतेतील पूर्वपीठिका

चलथाणपासून जवळच असलेल्या सुरत शहराचे मराठी व्याकरणाच्या इतिहासाशी जवळचे नाते आहे. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ (१८३६) लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) हे १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्याआधी काही काळ त्यांनी जावऱ्याच्या नवाबांना शिकवले होते. सुरतेतच १८४४ मध्ये दुर्गाराम मेहता आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. मराठी घरातून आलेला, मुस्लिम संस्थानिकाला शिकवलेला आणि गुजराती मुलांना इंग्रजी सांगणारा हा शिक्षक होता. आपल्या वर्गातील भाषांची सरमिसळ ही आजची नवी आपत्ती नव्हे, हे यावरून दिसते.

मातृभाषेतून की इंग्रजीतून, हा वादही याच काळातला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात १८४७ च्या सुमारास तो तीव्र झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीच्या बाजूचे होते, तर कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. मंडळातील तिन्ही भारतीय सदस्य, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, जर्व्हिस यांच्या मताचे होते. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान या प्रश्नावर एकत्र उभे राहिले, ही गोष्ट आपल्या शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणाला इंग्रजी आणि जनसामान्यांना देशी भाषा अशी विभागणी केली. अंजुमन-इ-इस्लामसारखी संस्था मुंबईत १८७४ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिच्यापुढेही समाजाची भाषा राखून इंग्रजी कशी द्यावी, हाच प्रश्न होता.

पाठमाला आणि शब्दसंख्येचे प्रयोग

मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकला तो द्वारकानाथ रघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर. थोडे शब्द, थोडे नियम आणि दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्ये, अशी तिची रीत होती. या रीतीने वाचता-लिहिता येणारे कारकून आणि शिक्षक तयार झाले. परंतु सुट्या शब्दाला सुटा प्रतिशब्द जोडण्याची सवयही याच परंपरेतून रुजली, असे म्हणावे लागेल. ‘टेक म्हणजे घेणे’ हे पाठ झाले, की विद्यार्थी सगळीकडे तेच लावतो.

विसाव्या शतकात शब्द मोजून शिकवण्याचे प्रयोग झाले. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तिच्यात क्रियापदे केवळ १८ होती : कम, गो, गिव्ह, गेट, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड आणि सहाय्यक म्हणून मे व विल. दुसरीकडे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम केलेले मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या अनुभवातून मर्यादित शब्दांची वाचनमाला तयार केली. नित्य वापरातील सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

ऑग्डेनची यादी आकर्षक असली तरी तिच्यात एक मेख होती. क्रियापद कमी झाले की अर्थांचा भार उरलेल्यांवर पडतो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे. येथे शब्द दोनच असले तरी शिकायची गोष्ट तिसरीच असते. म्हणून अठरा शब्द म्हणजे अठरा धडे, हा हिशेब चुकतो. वेस्ट यांनीही बेसिक इंग्लिशवर टीका केली होती.

नित्य क्रियापदेच अनियमित का?

‘गो’चे ‘वेंट’, ‘टेक’चे ‘टुक’ का, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यांपैकी आज ९८ च अनियमित उरली आहेत. जे क्रियापद क्वचित वापरले जाते ते नियमाला लवकर शरण जाते, आणि जे रोज तोंडी असते ते जुने रूप टिकवून धरते, असे त्यात दिसून आले. इंग्रजीतील सर्वाधिक वापराची दहा क्रियापदे म्हणूनच सारी अनियमित आहेत. ही रूपे रोजच्या वापराने टिकली, आणि ती येतातही वापरानेच. केवळ तक्ता घोकून ती जिभेवर बसत नाहीत.

चलथाणच्या वर्गातील भाषा

आता आपल्या वर्गाकडे वळू. ‘हॅव’ला मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही. आपण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला ताप आहे’ असे म्हणतो. उर्दूत ‘मेरे पास’, गुजरातीत ‘मारी पासे’. तिन्ही भाषांत ‘असणे’च कामाला येते. त्यामुळे मराठी, गुजराती आणि उर्दू घरांतील मुले इथे अडखळतात ती एकाच दगडाला.

‘टेक’चे उदाहरण उलट आहे. इंग्रजीत औषध, आंघोळ, फोटो आणि वेळ या चौघांनाही ‘टेक’ चालते. मराठीत औषध घेतात, आंघोळ करतात, फोटो काढतात आणि वेळ लागतो. गुजराती माणूस फोटो ‘पाडतो’, उर्दू बोलणारा तस्वीर ‘खींचतो’. प्रत्येक भाषेने आपापले क्रियापद निवडले आहे, त्यात कोणतीच भाषा चुकीची नाही.

‘कम’ आणि ‘गो’ यांत तर आपला संस्कारच आडवा येतो. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. गुजरातीत निरोपाला ‘आवजो’ म्हणतात. निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणणारा विद्यार्थी अज्ञानी नसतो, तो आपल्या घरची रीत इंग्रजीत पाळत असतो. शिक्षकाने आधी हे ओळखावे आणि मग इंग्रजी रीत सांगावी. या दोन पायऱ्यांच्या क्रमावर विद्यार्थ्याचा आत्मविश्वास टिकतो किंवा मोडतो.

समारोप

या मागोव्यातून अध्यापनासाठी तीन गोष्टी निघतात. पहिली, क्रियापद एकटे न शिकवता जोडीने शिकवावे : टेक मेडिसिन, मेक टी, हॅव फीव्हर. दुसरी, पहिल्या सत्रात दहा-बाराच क्रियापदे घ्यावीत, परंतु प्रत्येकाचे वर्तमान आणि भूतकाळी रूप कामाच्या ठिकाणच्या वाक्यांत रोज तोंडी यावे. तिसरी, फळ्यावर इंग्रजी वाक्याशेजारी मराठी, उर्दू, गुजराती वाक्ये मुलांकडूनच लिहून घ्यावीत, म्हणजे फरक त्यांना स्वतःला दिसेल. हंगामामुळे मध्येच शाळा सुटलेल्या तरुणाजवळ पुस्तकी व्याकरण नसते, परंतु दोन-तीन भाषा वापरण्याचा अनुभव असतो. तो भांडवल म्हणून वापरला पाहिजे.

शंकरशेट आणि मकबा यांनी मातृभाषेचा आग्रह धरला त्याला आता पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. तो आग्रह इंग्रजीच्या वर्गातही तितकाच उपयोगी आहे. ऊसतोड मजुराच्या मुलाला ‘येतो’ आणि ‘गो’ यांतले अंतर कोणी समजावून सांगितले, तर इंग्रजी त्याला परकी वाटणार नाही, आणि घरची भाषा बोलण्याची लाजही वाटणार नाही.