आकाशातली ऊ

विमान म्हटले की मोठा कारखाना आणि मोठा विमानतळ डोळ्यांपुढे येतो. पण १९०३ साली उडालेल्या पहिल्या विमानाचे भाग राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात घडले होते. पुढच्या तीस वर्षांत विमान सरकारचे झाले, सैन्याचे झाले, श्रीमंतांचे झाले. ते पुन्हा साध्या माणसाच्या हाती द्यावे, असा ध्यास फ्रान्समधल्या एका रेडिओ अभियंत्याने घेतला. त्याचे नाव आँरी मिन्ये.

मिन्येला नेहमीचे विमान चालवणे अवघड वाटे. हातात काठी, पायाखाली सुकाणूची पट्टी आणि दोन्हींचा मेळ! त्याने पायांचे काम काढूनच टाकले. एकामागे एक असे दोन पंख ठेवले. काठी मागे ओढली की पुढचा पंख कलून विमान वर जाई. डावी-उजवीकडे नेली की शेपटीचे सुकाणू वळे. वेग फार मंदावला की त्या काळची विमाने गिरक्या घेत कोसळत. त्यातून सुटका व्हावी, म्हणून ही रचना. लाकूड, कापड, मोटारसायकलचे इंजिन आणि सुमारे सहा मीटरचे पंख. १० सप्टेंबर १९३३ रोजी ते उडाले. मिन्येने त्याचे नाव ठेवले ‘आकाशातली ऊ’. इंग्रजांनी त्या उवेची ‘उडती पिसू’ केली!

१९३४ मध्ये त्याने पुस्तक लिहिले. त्यात आराखडे होते, तसे उडायला कसे शिकावे तेही होते. आधी जमिनीवर धाव, मग छोट्या उड्या, मग वळण. ज्याला साधे सुतारकाम जमते त्याला विमान जमेल, अशी त्याची श्रद्धा. १९३५ मध्ये इंग्रजी भाषांतर आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिन्येने स्वतः या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. मग काय विचारता! घराघरांतल्या गॅरेजमधून करवती चालू लागल्या. ब्रिटिश सरकारनेही या हौशी विमानांना कडक प्रमाणपत्राऐवजी साधा उड्डाण परवाना देऊ केला.

आणि अपघात सुरू झाले. विमान नाक खाली करून सूर मारी, ते वर येतच नसे. नवशिके असतील, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. पण १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये मृत्युमुखी पडलेल्यांत हवाई दलात तयार झालेले वैमानिकही होते. मग फार्नबरो येथील सरकारी संस्थेने अख्खे विमानच वाऱ्याच्या बोगद्यात उभे करून तपासले. नाक साधारण १५ अंशांहून अधिक खाली गेले, तर काठी कितीही ओढा, ते उचलत नाही असे दिसले. काठी ओढली की पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखाजवळ येई. मधल्या अरुंद फटीतून हवा जोरात निघे आणि मागच्या पंखाची उचल वाढवी. परिणाम काय? शेपूट वर आणि नाक आणखी खाली. मरणाऱ्याने शेवटच्या क्षणी जे करायला हवे तेच केले होते. त्याच्या विमानानेच त्याचे ऐकले नाही.

त्यात प्रत्येकाने आपापली अक्कल चालवली. कोणी जड इंजिन बसवले, कोणी पंखांची मांडणी बदलली. मी कवितेतला माणूस. गझलेच्या ओळीत एक शब्द बदलला तर सगळी ओळ पुन्हा म्हणून पाहावी लागते, एवढे मला कळते. विमानाचेही तसेच. इंजिन जड झाले की तोल बदलतो, तोल बदलला की काठीला मिळणारे उत्तर बदलते. फरक इतकाच, की लंगड्या ओळीने कोणाचा जीव जात नाही.

मिन्ये हरला, असे मी म्हणणार नाही. त्याने पंखांची मांडणी सुधारली, नवे आराखडे काढले आणि १९६५ मध्ये मरेपर्यंत तो हेच करत राहिला. त्याच्या सुधारित विमानांची वंशावळ अजून उडते आहे. जगानेही धडा घेतला. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला प्रवासी न घेता, ठरलेल्या क्षेत्रातच, २५ किंवा ४० तास चाचणी-उड्डाणे करण्याची अट वर्षानुवर्षे चालत आली. मोठा बदल केला, की पुन्हा चाचणी.

आपल्याकडे कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिले. त्याला उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या आकाशात ते उडाले २०२० मध्ये. अशा वेळी आपल्याला राग येतो तो साहजिक आहे. पण टेबलावर धूळ खात पडलेली फाइल वेगळी आणि चाचणीला लागणारा वेळ वेगळा. फायलीचा वेळ जरूर वाचवावा. चाचणीचा वेळ वाचवला, तर त्याची किंमत पहिल्यांदा काठी हाती घेणारा माणूस मोजतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)