बरोसाच्या जुन्या द्राक्षवेली : एक ऐतिहासिक विचार

दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात शिराझ, ग्रेनाश व मातारो या जातींच्या शंभर वर्षांहून जुन्या वेली आजही फळ देतात. लांगमाईल येथील शिराझचा एक मळा तर १८४३ मधील लागवडीचा मानला जातो. या वेलींच्या दाट, तांबड्या मद्याला आज मोठी प्रतिष्ठा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपराभिमानाने त्या राखल्या गेल्या, असे सामान्यतः समजले जाते. हा समज पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ साली स्थापन झाली. प्रशियाच्या राजाने लादलेली नवी उपासनापद्धती ज्यांना मान्य नव्हती, असे ल्यूथरपंथी शेतकरी पाद्री काव्हेल यांच्या नेतृत्वाखाली १८३८ साली तेथे आले. जॉर्ज फाइफ अँगस यांनी त्यांना द्रव्यसाहाय्य केले होते. १८४२ मध्ये बेथनी हे गाव वसले. पेरामांक, नगाजुरी व कौर्ना या मूळ रहिवाशांच्या भूमीवर ही वस्ती झाली, हे येथे विसरता येत नाही. गहू, फळझाडे आणि गुरे यांच्या जोडीला द्राक्षवेल आली. ती मिश्र शेतीचा एक भाग होती.

या वेली वाचण्याचे पहिले कारण कायद्यात सापडते. वेलीच्या मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीड १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्ये पसरली. अखेर अमेरिकन खुंटांवर कलमे करून तेथील मळे नव्याने उभारावे लागले. १८७७ साली ही कीड व्हिक्टोरियातील जिलाँगजवळ आढळली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ साली स्वतंत्र कायदा करून बंदोबस्त कडक केला. त्यामुळे बरोसातील जुन्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

तथापि कायद्याने कीड रोखता येते, कुऱ्हाड रोखता येत नाही. येथे दुसरे कारण पुढे येते, ते बाजाराचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनला जाणारा माल मुख्यतः द्राक्षार्क मिसळून तीव्र केलेल्या गोड मद्याचा होता, आणि १९२४ च्या कायद्याने त्याच्या निर्यातीस अनुदानही मिळाले. कडक उन्हात भरपूर साखर धरणारी ही द्राक्षे त्या मद्यास अनुकूल होती. बुटक्या झुडपाप्रमाणे वाढविलेली जिरायत वेल थोड्या खर्चात जगे. लहान शेतकऱ्याला ती उपटून नवी लावण्याची ना ऐपत होती, ना निकड. म्हणजे ज्या गोड मद्याला पुढे कमी लेखले गेले, त्यानेच या वेली सांभाळल्या.

लोकांची रुची पालटताच हा आधार सुटला. पांढऱ्या मद्याची मागणी वाढली, तांबड्या द्राक्षांचे भाव कोसळले. पीटर लेहमन यांनी १९७९ साली स्वतंत्र व्यवसाय उभा करून शेतकऱ्यांची द्राक्षे घेतली नसती, तर कित्येकांचा धीर तेव्हाच सुटला असता. पुढे १९८७ च्या सुमारास खुद्द शासनानेच वेली उपटण्यासाठी पैसे देऊ केले आणि अनेक जुने मळे नाहीसे झाले. ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशा वयोमर्यादा ठरवून वेलींचे वर्गीकरण करणारी ‘जुन्या वेलींची सनद’ २००९ सालची आहे. अभिमानाची भाषा प्रथम आली आणि रक्षण नंतर झाले, असा क्रम येथे दिसत नाही. तो बहुतांशी उलटा आहे.

यातून पुराव्याविषयी एक सावधगिरी निष्पन्न होते. जुनी वेल थोडे पण सकस फळ देते, म्हणून वय हेच गुणाचे कारण, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु निकस जमिनीवरील वा रोगट वेली पूर्वीच काढल्या गेल्या असणार. आज उरलेल्या वेली ही निवडीची शिल्लक आहे. दप्तरखान्यातील कागदांचेही असेच असते. काय उरले, याबरोबरच काय गेले व कोणाच्या आज्ञेने गेले, हे विचारावे लागते. १९१७ च्या कायद्याने जर्मन ग्रामनामे बदलली गेली, तेव्हा लांगमाईलचे नाव बिल्यारा झाले. वेली मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यांच्या मुळाशी परंपरा आहे हे खरे. पण त्याहून अधिक कायदा, दारिद्र्य, बाजार आणि काही थोड्या माणसांचा हट्ट आहे.