कारण : गांजा

भांग देवाच्या प्रसादात चालते, मग गांजावर बंदी का? दोन्ही एकाच झाडाचे ना? गांजा ओढल्याने माणूस वेडा होतो, हे खरे का? परदेशात दुकानात मिळतो म्हणतात, मग आपल्याकडे का नाही? शिमगा जवळ आला, किंवा उसाच्या फडात लपवलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याची बातमी छापून आली, की हे प्रश्न चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. गंमत अशी, की यातले बहुतेक प्रश्न १८९३ साली खुद्द इंग्रज सरकारने विचारले होते आणि त्यांच्या उत्तरासाठी सारा हिंदुस्थान पालथा घातला होता.

आधी झाडाविषयी. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे चिकट फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यातली राळ म्हणजे चरस. मादी फुलाला परागकण लागून बी धरले की गांजाची प्रत उतरते. म्हणून शेतातली नर झाडे वेळीच ओळखून उपटावी लागत. बंगालात नौगावच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी खास जाणकार नेमलेले असत. त्यांना ‘पोद्दार’ म्हणत. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि सातारा या जिल्ह्यांत गांजाची शेती होती. ती चोरून नव्हती. सरकारच्या परवान्याने पिके, सरकारी देखरेखीत विकली जाई आणि सरकारी तिजोरीत कर भरी.

या कराचीच चर्चा लंडनला पोचली. विल्यम केन नावाचे मद्यपानविरोधी खासदार होते. हिंदुस्थानातले वेड्यांचे दवाखाने गांजेकसांनी भरले आहेत आणि सरकार त्याच गांजावर पैसा कमावते, असा आरोप तिकडे होऊ लागला होता. केन यांनी १८९३ मध्ये पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत चार इंग्रज आणि तीन हिंदी. कमिशनने १,१९३ साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, ठेकेदार, शेतकरी अशा सगळ्यांना विचारले. अहवाल झाला तीन हजारांहून अधिक पानांचा.

त्यातला सर्वांत बोलका भाग वेड्यांच्या दवाखान्यांचा आहे. १८९२ साली हिंदुस्थानातल्या या दवाखान्यांत १,३४४ माणसे दाखल झाली. पैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण ‘गांजा-भांग’ असे लिहिलेले होते. कमिशनने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. एकेका रोग्याच्या गावी पुन्हा चौकशी करवली. तेव्हा समजले ते असे : रस्त्यावर भरकटणारा माणूस पोलीस पकडत, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करत. त्याच्यासोबत एक नमुना भरावा लागे. त्यात एक रकाना होता, ‘वेडाचे कारण’. नातेवाईक सोबत नसत. रकाना कोरा ठेवणे बरे दिसत नसे. मग शिपाई लिहून टाकी, ‘गांजा’. दवाखान्यातला डॉक्टर तेच रजिस्टरात उतरवून घेई आणि वर्षअखेर ते आकडेवारीत जमा होई. त्या २२२ पैकी कमिशनला पटली ती फक्त ९८ प्रकरणे, आणि त्यांतही काहींत दुसरी कारणे होतीच.

मी शब्दांवर जगणारा माणूस आहे. एका रकान्यात घाईने लिहिलेला एक शब्द समुद्र ओलांडून पार्लमेंटात पुरावा म्हणून उभा राहतो, याचे मला भय वाटते. ज्याच्या नावापुढे तो लिहिला गेला, त्याला ना स्वतःची बाजू मांडता येत होती, ना त्याच्या वतीने बोलणारे कोणी होते.

याच अहवालाला मुंबईचे अधिकारी जेम्स कॅम्बेल यांनी एक टिपण जोडले. मुंबई गॅझेटियरचे संपादक म्हणून मराठी अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. शिवाची भांग आणि मुसलमान फकिरांनी तिचा ख्वाजा खिज्रशी जोडलेला संबंध, असे दोन्ही त्यांनी नोंदवले. आमच्या धर्मशास्त्राने नशा निषिद्ध ठरवली, तरी तकियातल्या फकिराच्या हातातली चिलीम सुटली नव्हती. बैराग्याची आणि फकिराची चिलीम एकच होती. पण म्हणून समाजाने तिला डोक्यावर घेतले असेही नाही. ‘भंगड’ आणि ‘गांजेकस’ हे मराठी शब्द काही कौतुकाचे नाहीत.

कमिशनने निष्कर्ष काढला, की माफक सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, अतिरेक घातक असतो. सरसकट बंदी करू नये, परवाने आणि करांनी नियंत्रण ठेवावे. मात्र राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्यांना अधिक कडक धोरण हवे होते. कराचा पैसा सरकारला मिळत होता, हेही विसरून चालणार नाही.

अहवाल कपाटात गेला. १९२४-२५ मध्ये जिनिव्हाच्या अफू परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीने आपल्या देशातल्या वेडाचे मोठे कारण हशीश असल्याचे सांगितले. आधार पुन्हा वेड्यांच्या दवाखान्यांचा. गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९६१च्या करारात हिंदुस्थानसारख्या देशांना जुनी चाल बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती सरत आली तेव्हा, १९८५ साली, आपला एन.डी.पी.एस. कायदा आला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच कायद्यात आहे. त्याने गांजाच्या व्याख्येत फुलोरा धरला. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया वगळल्या. म्हणून भांग त्यातून सुटली. पण ती सगळीकडे मोकळी झाली असे समजू नये. तिचा निर्णय राज्यांकडे राहिला आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याची बंधने आहेत. गांजा मात्र एक किलोपर्यंत सापडला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, वीस किलोच्या वर गेला तर किमान दहा वर्षे. शेतात बेकायदा लावला तर दहा वर्षांपर्यंत. बांधावरच्या शेतकऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

जग मात्र फिरले आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. त्याच २०१८ मध्ये उत्तराखंडाने धाग्या-बियांसाठी, नशेचे द्रव्य अत्यल्प असलेल्या वाणाच्या शेतीचा परवाना दिला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अतिघातक द्रव्यांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले.

याचा अर्थ १८९४चा अहवाल हातात घेऊन चिलीम पेटवावी, असा नाही. आजच्या अनेक वाणांत नशेचे द्रव्य पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असते. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला मनोविकाराचा धोका वाढतो, हे आजचे वैद्यक सांगते. म्हणजे वेडाचा प्रश्न निव्वळ अफवाही नव्हता.

पण कमिशनने एक गोष्ट नीट केली, ती आपण उचलावी. त्याने रकान्यातला शब्द खरा मानला नाही. ज्या माणसाविषयी तो लिहिला होता, त्याच्या गावी जाऊन विचारले. घरातला मुलगा बिघडला, नोकरी सुटली, तो एकलकोंडा झाला, तर ‘गांजा’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. गांजा कारण असेलही. कधी तो कारण नसून लक्षणही असतो. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला आपल्या कायद्यानेही काही संरक्षण दिले आहे. त्याला पोलिसाआधी डॉक्टर भेटला पाहिजे, आणि डॉक्टरने रकाना भरण्याआधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)