जबलपूरचा खटला आणि देव न मानणारा वकील

 

जवानांचा जो धर्म, तोच अधिकाऱ्याचा, हा फौजेतला रिवाज. त्यामुळे मंदिर परेडला मी न चुकता हजर असे. एकदा एका जवानाने विचारलं, "साहब, जो भगवान को नहीं मानता, वो ईमानदार क्यों रहेगा?" मला उत्तर देता आलं नाही. ते आमच्या जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका खटल्यात सापडलं, तेही निवृत्तीनंतर.

देव बाजूला ठेवून नीतीचा विचार करणं आपल्याकडे नवं नाही. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. शास्त्रात आहे म्हणून नव्हे, बुद्धीला पटतं म्हणून चांगलं वागा, असं त्यांचं सांगणं. पुण्यात विरोधकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली.

पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांनी या विचाराची चळवळ उभारली. सत्तेमागे धावण्यापेक्षा माणूस विचारी करावा, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्षच विसर्जित केला. १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावादी संघटनांचा संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत रॉय यांची चळवळही होती. आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही याच वाटेने गेले.

सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे हे रॉय यांचे सहकारी. मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद त्यांनी १९६९ मध्ये सोडलं आणि दिल्लीत वकिली सुरू केली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. 'मिसा'खाली अटक झालेल्या शिवकांत शुक्ल यांनी जबलपूरच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. अटक कायदेशीर आहे का, हे आम्ही तपासू शकतो, असं न्यायालयाने सांगितलं. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारलं, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही दाद नाही, असं सरकारी वकिलांचं उत्तर होतं.

मंडळी, हातात बंदूक असलेल्याला कायद्याची वेसण किती गरजेची, हे फौजी माणसाला सांगावं लागत नाही. हे उत्तर वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कैद्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते. कैदेतले अनेक जण त्यांच्या विचारांचे कट्टर विरोधक. पण माणूस आहे म्हणजे त्याला हक्क आहे, एवढंच त्यांना पुरेसं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. खटला हरले. एकटे खन्ना वेगळे राहिले. त्याच वर्षी तारकुंडे जयप्रकाशजींबरोबर नागरी हक्कांची संघटना उभी करायला लागले. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोडीत काढला. ते पाहायला तारकुंडे नव्हते. २००४ मध्येच ते गेले.

मी आजही तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावतो. पण तो जवान आज भेटला, तर त्याला सांगेन, बेटा, स्वर्गाची आशा नसताना, समोर सरकार असताना, आपल्या विरोधकासाठी उभा राहिलेला एक माणूस मला ठाऊक आहे.

जय हिंद.